पर्लचा धर्मबाप

एल्युतेरिओ सुमागायसाय याला इलोइलो शहरात पूर्ण नावाने कुणी हाक मारली असेल, तर ती एकदाच, पाद्र्याने, डोक्यावर पाणी ओतताना. त्यानंतर तो तेर्यो झाला आणि केस पिकल्यावर नोंग तेर्यो, म्हणजे तेर्योदादा. एका कॉलेजची संगणकाची खोली सांभाळत तो निवृत्त झाला. मानेभोवती पांढरा टॉवेल, खिशात कंगवा, आणि चेहऱ्यावर कायमचा असा भाव, की आपण बोलायचे थांबलो तर जगाचे काहीतरी राहून जाईल.

इलोइलोची बोली गोड. दोन माणसे हातघाईवर आली तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटते, आत पाळणा म्हणताहेत. तोंडावर ‘नाही’ म्हणायची तिथे रीत नाही. ‘बघू या’ म्हणतात, ‘पुढच्या शनिवारी’ म्हणतात, फारच झाले तर वाडग्यात आणखी रस्सा ओततात. अशा गावात हेकट माणसाची चैन असते. तेर्योने ती चैन आयुष्यभर केली आणि तिला ‘सर्वांचे एकमत’ असे नाव दिले.

त्याचे राज्य म्हणजे बोदेगाच्या चाचण्या. बोदेगा हा एक प्रोग्रॅम. समोरच्या बेटांवरच्या दवाखान्यांतली कागदपत्रे, नेट दहादा तुटले तरी, शहरात धड पोचवणारा. तो कुणा कंपनीचा नाही. कुणीही घ्यावा, वापरावा, उघडून बघावा, सुधारावा. दहा-बारा जणांनी फावल्या वेळात तो उभा केला आणि नंतर दूरदूरच्या देशांतल्या लोकांनीही उचलला. आता, प्रोग्रॅम लिहिला की तो नीट चालतो का हे तपासायला आणखी छोटे प्रोग्रॅम लिहावे लागतात. त्या चाचण्या. त्या तेर्योने पर्ल नावाच्या भाषेत लिहिल्या, कारण तरुणपणी त्याला पर्ल येत होती आणि दुसरे काही येत नव्हते. म्हणजे ज्याला बोदेगा तपासून घ्यायचा असेल त्याने आधी पर्ल आणून बसवावी, वर तेर्योच्या आवडीचे तिचे पाच-सात जोडभाग मिळवावेत, आणि मग तपासावे. डाळ शिजली का बघायला शेजारगावच्या कासाराचीच पळी हवी, असा हा प्रकार.

शिवाय मंडळींची एक रीत होती. आधी ती गंमत होती. गमतीचा नियम झाला, नियम जुना झाला, आणि जुन्याला हात लावायची कुणाची छाती होईना. चाचणीची प्रत्येक फाइल म्हणजे मूल, आणि मुलाला बाप्तिस्म्याला निनोंग हवा, म्हणजे देवासमोर उभा राहून जबाबदारी घेणारा धर्मबाप. फाइलच्या कपाळावर निनोंगचे नाव. त्याच्या लेखी संमतीशिवाय फाइलला बोट लावायचे नाही. निनोंग नोकरीसाठी दुबईला गेला तर दुबईहून संमती आणायची. निनोंग वारला तर वर्षाचा दुखवटा संपून चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, होईपर्यंत फाइल तशीच ठेवायची. त्यानंतर ती मोकळी. कुणीही बदलावी, कुणीही पुसावी.

तेर्यो जवळजवळ सगळ्याच फाइलींचा निनोंग होता. चर्चमध्येही तो अर्ध्या गल्लीचा निनोंग होता. तिथल्या मुलांना नाताळात भेटी द्याव्या लागत. फाइली काही मागत नसत. त्यामुळे फाइलींवर त्याचा जीव अधिक.

त्याला आडवा जाणारा एकच माणूस होता. बादोंग पालोमो. सख्खा मित्र आणि एकुलता एक शत्रू. बादोंगची बायको सिद्रा हिचे शहरातल्या ला पाझ भागात बाजारामागे बाचोयचे दुकान आहे. शेवया, डुकराची कलेजी, हाडांतल्या मज्जेचा रस्सा, वर कुरकुरीत चरबी. दर शनिवारी दुपारी मंडळी तिथे जमत आणि वाडगी रिकामी होईपर्यंत वाद घालत. बादोंग म्हणे, "पारे, दोस्ता, पर्ल कशाला? शेल पुरे. शेल सगळ्यांच्या संगणकावर आधीपासून असते. उगीच घरात पाहुणी कशाला आणतोस?" तेर्यो म्हणे, "पाहुणी नाही, सून आहे." बादोंग म्हणे, "सुनेने इतक्या वर्षांत एकदा तरी भांडी घासली का?" आणि मग, त्या गावात कुणी म्हणत नाही ते, तोंडावर म्हणे : "नाही. माझा विरोध आहे. लिहून घ्या."

असे वर्षानुवर्षे चालले. कधी ठरले नाही. घोंगडे भिजत पडले आणि त्या भिजण्यालाच दोघे काम म्हणू लागले. मग बादोंग आजारी पडला, शनिवारी खाली यायचा बंद झाला, आणि एका पावसाळ्यात गेला. तेर्यो त्याच्या शवपेटीपाशी नऊ दिवस बसला. लोक म्हणाले, काय मैत्री! तेर्यो मनात म्हणत होता, आता बोलायचे कुणाशी? मेलेल्याशी वाद घालता येत नाही. तो कशालाच नकार देत नाही.

जिवंत माणसेही देईनात. बादोंगची मुलगी लिझेल आता बोदेगाची प्रमुख झाली होती. ती तेर्योची खरीखुरी, चर्चमधली धर्मकन्या. तेर्यो काहीही बोलला की ती म्हणे, "हो निनोंग." त्या ‘हो’वर तो सुकत चालला होता, पण हे त्याला कळत नव्हते. त्याला वाटे, आपण जिंकतो आहोत.

बादोंगचा वर्षाचा मिस्सा होऊन गेल्यावरच्या एका शनिवारी लिझेलने विषय काढला. एक जर्मन गृहस्थ बोदेगा बांधूनसवरून तयार गाठोड्याच्या रूपात लोकांना पोचवत असे. त्याचे पत्र आले होते. तो उत्तम माणूस होता, पण गोड बोलणे त्याला कुणी शिकवले नव्हते. त्याने लिहिले होते : ‘नुसत्या चाचण्यांसाठी मी अख्खी पर्ल बांधणार नाही. ती काढा. नाहीतर पुढच्या आवृत्तीपासून बोदेगा माझ्याकडे नसेल.’

"कसलं हे बोलणं!" तेर्यो म्हणाला. "‘कृपया’ नाही, ‘नमस्कार’ नाही. याला आई होती की नाही?"

"निनोंग, त्याचं गाठोडं बंद झालं तर बेटांवरच्या नर्सेसनी बोदेगा आणायचा कुठून? त्यांना स्वतः बांधता येणार आहे का?" लिझेल म्हणाली. आवाज इतका मऊ, की जणू ती शेवया वाढू का विचारत होती.

जोमार नावाचा एक तरणाबांड गडी टेबलाच्या टोकाला बसला होता. त्याला जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच मुळी माहीत. "त्यापेक्षा सगळ्या चाचण्या पायथनमध्ये लिहू या की! पायथन छान आहे. वाचायला सोपी. मी एका आठवड्यात—"

"तोतो," तेर्यो म्हणाला, "बाळा, पर्ल आणायला लागते म्हणून तक्रार आहे आणि तू पायथन आणतोस? दारात एक बोकड मावत नाही म्हणून रेडा बांधू म्हणतोस?"

सगळे हसले. जोमारही हसला. त्याला वाटले, आपले कौतुक झाले.

मग तेर्यो उभा राहिला. टॉवेलने मान पुसली आणि पर्लवर भाषण केले. पर्लने आपल्याला कसे वाढवले. पर्लमध्ये एका ओळीत जे होते त्याला इतर भाषांत पानभर कसे लागते. आजकालच्या पोरांना सगळे सोपे हवे. सोप्याने माणूस आळशी होतो, आळशाने देश बुडतो. देश कसा बुडतो हे सांगताना त्याचा रस्सा गार झाला. शेवटी तो म्हणाला, "तरी माझा आग्रह नाही. मी कोण? एक म्हातारा. तुम्ही सगळे ठरवा. फक्त माझी संमती नाही, एवढं ध्यानात ठेवून ठरवा."

कुणी वाडग्यात कालामान्सीचे छोटे लिंबू पिळले. कुणी शेवयांत काटा फिरवला.

"बरोबर आहे निनोंगचं," लिझेल म्हणाली. "त्या जर्मन माणसाला कळवू. बघू काय म्हणतो."

"हो हो, बघू," सगळे म्हणाले.

इथे तेर्योने बसायला हवे होते. शहाणा असता तर बसला असता आणि आयुष्यभर जिंकत राहिला असता. पण विरोध न होता मिळालेला विजय त्याच्या घशाखाली उतरेना. कुणीतरी कुठेतरी आपल्याला मनातून नाही म्हणते आहे असा त्याला वास आला आणि त्याला पुरावा दाखवावासा वाटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"लाव गं ती चाचणी," तो लिझेलला म्हणाला. "सगळ्यांसमोर. त्या टीव्हीवर दिसू दे. या बिचाऱ्या पर्लने इतकी वर्षं काय केलंय ते बघा तरी."

"आत्ता कशाला, निनोंग? जेवण गार होतंय."

"लाव म्हणतो ना."

दुकानातल्या टीव्हीवर एरवी गाण्यांच्या स्पर्धा लागत. लिझेलने लॅपटॉप जोडला. कळ दाबली. पडद्यावर वरून खाली हिरव्या खुणा धावल्या, एकामागून एक, एकही लाल नाही, आणि तेर्योने खुर्चीला टेकायच्या आत सगळ्या संपल्या.

"पाहिलं?" तेर्यो म्हणाला.

"वा नोंग!" जोमार म्हणाला. "आणि केवढ्या झटपट!"

जोमारच्या मनात काही नव्हते. त्याच्या मनात सहसा काही नसते. पण तेर्योच्या भुवया वर गेल्या. झटपट? त्याच्या चाचण्या कधीच झटपट नव्हत्या. त्या लावून माणसाने वाडगे संपवावे, दुसरे मागवावे, बादोंगशी भांडून घ्यावे, तरी त्या चालू असायच्या. तो टीव्हीपाशी गेला. चष्मा लावला. प्रत्येक हिरव्या खुणेपुढे, राखाडी, अगदी बारीक अक्षरांत, एक शब्द होता. वगळली. वगळली. वगळली. खालपर्यंत.

"हे काय?"

काट्यांचा आवाज थांबला.

"लिझेल, हे काय आहे?"

"निनोंग, या सर्व्हरवर पर्ल नाहीये," लिझेल म्हणाली. "पर्ल सापडली नाही की तुमची चाचणी स्वतःलाच वगळते आणि हिरवी खूण करून पुढे जाते. तशी सोय तुम्हीच केलेली."

"ती पाहुण्यांसाठी! ज्यांच्याकडे पर्ल नसेल त्यांना वाईट वाटू नये म्हणून!"

"हो निनोंग."

"केव्हापासून नाहीये?"

"बाबा आजारी पडले तेव्हापासून. चाचण्या तुटून लाल व्हायला लागल्या होत्या. बाबा म्हणाले, जा, त्याला सांग. मी तुमच्या घरी आलेसुद्धा. तुम्ही मला आंबा कापून दिलात. मला सांगवेना. मग मी पर्लच काढून टाकली."

तेर्योने टेबलाभोवती पाहिले. सगळ्यांना माहीत होते. जोमारलासुद्धा. गोड गावाने त्याला गोडात घोळून बरणीत भरून ठेवले होते आणि वर झाकण लावले होते. तो ज्याचे रक्षण करत होता ते कधीचेच बंद पडले होते, आणि तो जोवर रक्षण करत होता तोवर कुणाची काही हरकत नव्हती.

"बसव पर्ल," तो म्हणाला. "आत्ता."

"निनोंग—"

"बसव!"

पर्ल बसवली. जोडभाग बसवले, त्यातला एक जगातून नाहीसा झाला होता, तो कुणाच्या तरी जुन्या साठ्यातून उकरून काढला. तोवर सिद्राने मागच्या भांड्यातला रस्सा बदलला. मग चाचण्या लावल्या, आणि या वेळी त्या खरोखर, सावकाश, पूर्वीसारख्या चालल्या. पडदा लाल होत गेला. मधेच एखादी हिरवी. ती पाहून जास्तच वाईट वाटे.

"म्हणजे बोदेगा बिघडलाय!" तेर्यो जवळजवळ आनंदाने ओरडला. "बघा! पर्ल सांगतेय! तुम्ही तिचं तोंड दाबून ठेवलंत!"

"असेल निनोंग. किंवा चाचणी चुकली असेल," लिझेल म्हणाली. "चाचणी काय तपासते ते कळलं तर सांगता येईल. तुम्हीच सांगा ना."

तिने पहिली तुटलेली फाइल उघडली. कपाळावर तेर्योचे नाव. खाली एक ओळ होती. डॉलरच्या खुणा, टक्के, कंस, उलटे कंस, तिरप्या रेघा. साखर सांडल्यावर मुंग्या लागतात तशी. ओळीच्या वर तेर्योनेच तरुणपणी एक टीप लिहून ठेवली होती : ‘हे उघडच आहे.’

तेर्यो वाचू लागला. एकदा डावीकडून. मग उजवीकडून. ओठ हलले. बोट पडद्यावर ठेवून तो एका कंसाचा जोडीदार शोधत गेला आणि अर्ध्यात हरवला. ज्या तरुणाने हे लिहिले होते तो कुठेतरी जवळच उभा आहे, हसतो आहे आणि काही सांगत नाही, असे त्याला वाटले. त्या तरुणाशी त्याची ओळख राहिली नव्हती. दुसरी फाइल उघडली. तिसरी. तिथेही तोच, तितकाच हुशार, तितकाच मुका.

हसले कुणीच नाही. हसले असते तर बरे झाले असते. सगळे अदबीने आपापल्या वाडग्यात पाहत होते, प्रेताला खांदा द्यायच्या आधी पाहतात तसे. जोमारने हळूच भाजलेल्या लसणाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

तेव्हा तेर्योला एक वाट दिसली. वाईट होती, पण एकच होती.

"या फाइली," तो घसा साफ करून म्हणाला, "खरं म्हणजे... बादोंगच्या."

लिझेलने मान वर केली.

"म्हणजे नाव माझं आहे. पण निनोंगपण तो मला म्हणाला होता घ्यायला. लिहिल्या त्यानेच. आता तो गेला. मिस्सासुद्धा झाला. म्हणजे रीतीप्रमाणे फाइली मोकळ्या. काढून टाका. माझी हरकत नाही. त्याचं नाव लिहा, आभार माना, आणि काढा. म्हणजे त्या जर्मनाचंही समाधान होईल."

किती सुंदर सोय होती! पर्ल जाणार, कुणाचा अपमान होणार नाही, बेटांवरच्या नर्सेसना बोदेगा मिळणार. दोघे-तिघे माना डोलावूही लागले. एक जण "देव त्याला शांती देवो" म्हणाला. गोड गावाने आणखी एक गोष्ट गोडात बुडवायला हात पुढे केला.

रश्श्याचा डाव हातात घेऊन सिद्रा भांड्यामागून बाहेर आली. ती शनिवारच्या वादात कधी पडत नसे. नवऱ्याचा वाद ऐकून ऐकून तिला तो पाठ होता.

"तेर्यो," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला पर्ल येत नव्हती. मरायच्या आधी दोन दिवस त्याने मला विचारलं, तेर्योने काढली का गं ती? मी म्हटलं, काढली. समाधानाने झोपला. मी त्याच्याशी खोटं बोलले, ते माझं मी बघीन. पण मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला तू माझ्याच दुकानात बसलास?"

"मारे, बाई, तसं नाही गं, मी आपलं सगळ्यांच्या सोयीसाठी..."

"त्याला पर्ल येत नव्हती हे मला ठाऊक होतं. तुलाही येत नाही, हे आज कळलं."

ती परत भांड्यामागे गेली. तेर्यो लिझेलकडे वळला. तिच्यावर त्याचा हक्क होता. तिच्या बाप्तिस्म्याला तिला त्यानेच उचलून धरले होते.

"इंदाय, पोरी, तू लिही ना. नुसतं एक नाव तर लिहायचं. बादोंगला काय फरक पडतो?"

"नाही, निनोंग," लिझेल म्हणाली.

सूर नव्हता. गोडवा नव्हता. साधा, कोरडा, बापाचा शब्द. तिचा तिलाच तो ऐकू आला आणि ती दचकली. टेबलावरचे सगळे दचकले.

आता तेर्योपुढे गावाची दुसरी रीत होती. उठायचे, टॉवेल खांद्यावर टाकायचा, निघून जायचे. मग उद्या लोक केळीच्या पानात काहीतरी बांधून घरी येतील, "राग सोडा नोंग" म्हणतील, आणि सगळे पुन्हा पूर्ववत हिरवे होईल. तो उठलासुद्धा. उभा राहिला. पण कित्येक दिवसांनी त्याच्या छातीत काहीतरी ठोकत होते. त्याला राग आला होता, खराखुरा, आणि रागाबरोबर भूकही लागली होती. तो परत बसला.

"मग काय लिहिणार आहेस?" तो गुरकावला.

"एल्युतेरिओ सुमागायसाय यांच्या चाचण्या काढून टाकल्या. कारण लेखकालाच त्या वाचता येत नाहीत."

"‘वाचता येत नाहीत’ नको! ‘वाचायला काहीशा अवघड’ लिही."

"नाही."

"‘काळाच्या ओघात’ असं तरी घाल."

"नाही, निनोंग."

"तुझ्या बापावर गेलीस!"

"मग कुणावर जाऊ?"

"मी काय म्हणतो," जोमार मधेच म्हणाला, "नव्या चाचण्या पायथनमध्ये—"

"नाही!" दोघे एकदम ओरडले. बाहेरून जाणारा एक मासेवाला थांबून आत डोकावला. इतक्या बेसूर आवाजाची त्याला सवय नव्हती.

वाक्यावरून ते पुष्कळ वेळ भांडले. तेर्योने ‘आदरणीय’ मागितले, मिळाले नाही. ‘परिश्रमपूर्वक’ मागितले, तेही मिळाले नाही. ‘एके काळी उपयोगी’ एवढे मिळाले, तेही सिद्रा आतून "राहू दे गं तेवढं" म्हणाली म्हणून. मग लिझेलने लॅपटॉप त्याच्यापुढे फिरवला. निनोंगची संमती निनोंगनेच टंकायची असते.

त्याने दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत टंकले : ‘माझी संमती आहे. एल्युतेरिओ.’ पडद्याकडे थोडा वेळ पाहिले. मग खाली नवी ओळ सुरू केली : ‘तरीसुद्धा, माझे प्रामाणिक मत असे की’

लिझेलने त्याचा हात कळफलकावरून उचलला, त्यात चमचा दिला आणि लॅपटॉप बंद केला.